माळवदावर एकशे एक पाट्या

त्या वर्षी आमच्या संस्थेनं काही खरेदी केलं नाही आणि काही विकलंही नाही. संस्था खरेदी-विक्रीची, त्यामुळे वार्षिक अहवालात लिहायचं काय असा प्रश्न आला. पावसानं दडी मारल्याचं ते लागोपाठ तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी आम्ही ‘परिस्थिती बिकट आहे’ असं छापलं होतं, दुसऱ्या वर्षी ‘परिस्थिती कायम आहे’ असं. तिसऱ्या वर्षी चेअरमनसाहेबांनी बराच वेळ टेबलावर पेन आपटलं आणि म्हणाले, “ताई, औंदा बिल्डिंगचा इतिहास लिव्हा. चार पानं तर भरतील.”

मी संस्थेत कारकून होते. मॅट्रिक झालेली आणि बीडला मावशीकडे राहून टायपिंग शिकून आलेली. आमच्या गावात खुर्चीवर बसून पगार घेणाऱ्या बायका तेव्हा तीनच, एक शाळेत, एक दवाखान्यात आणि एक मी. त्यामुळे माझी मान जरा ताठ असायची आणि आपल्याला बघताक्षणी सगळं कळतं असा माझा समज होता. तो समज नंतर गेला, पण त्यासाठी तो अहवाल पुरा व्हावा लागला.

ज्या घराचा इतिहास लिहायचा होता त्याला तीन नावं होती. गाव त्याला वाडा म्हणायचं, संस्था बिल्डिंग म्हणायची आणि ज्यांनी ते बांधलं त्या घरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याला दुकान म्हणत आले होते. त्या घराण्यातले शेवटचे, आप्पा, वर माडीवर राहत. साठीच्या पुढचे, कपाळाला भस्म, अंगात बिनकॉलरचा पांढरा सदरा, बोलणं मोजकं आणि तिखट. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांनी घर संस्थेला विकलं होतं. मुलगा लातूरला नोकरीला, व्यापार बसलेला, एवढ्या मोठ्या घराला दिवा लावायलाच माणूस कमी पडायचं. विकलं, पण सोडलं नाही. ते कसं, ते पुढे येईल.

इतिहास मला आप्पांनीच सांगितला. त्यांचे पणजोबा दोन बैलांवर मीठ लादून बाजार करत फिरायचे. मिठातून धान्य, धान्यातून गूळ, गुळातून कापूस असं करत त्यांनी पेठेत जागा घेतली आणि घर काढलं. निजामाचा अंमल होता. त्यापेक्षा गावात गढी होती, हे जास्त महत्त्वाचं. गढीवरच्या देशमुखांचा निरोप आला, की वाण्यानं खुशाल बांधावं, पण आमच्या बुरुजापेक्षा उंच नको. पणजोबांनी हो म्हटलं आणि जमीन पुरुषभर खणून घर तिथून वर आणलं. म्हणून आमच्या संस्थेत यायचं तर रस्त्यावरून पाच पायऱ्या उतरून यावं लागे. बाहेरून बघणाऱ्याला घर बेताचं दिसायचं, आत आल्यावर मान वर करून बघावं लागायचं. देशमुख आत कधी आलेच नाहीत. वाण्याच्या घरी ते माणूस पाठवायचे.

मी टेप घेऊन सगळं घर मोजलं. आप्पांना टेपचं हसू यायचं. ते घर खणात मोजायचे, दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. खाली एकवीस खण, वर नऊ. रस्त्याचा दरवाजा एवढा की भरलेली गाडी आत यावी, आणि त्याच दरवाजाच्या पोटात एक दिंडी, जिच्यातून माणूस वाकूनच आत येईल. दरवाजातून आत आल्यावर दोन्ही बाजूंना ढाळज, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यानं टेकायचे दगडी कट्टे. मग चौक, चारी बाजूंनी सोपा, सोप्यातच आड. भिंती अडीच हात जाडीच्या आणि त्या जाडीत धान्य साठवायची बळदं लपवलेली. चुना मळताना त्यात गूळ आणि बेलफळं घातली होती म्हणे. सागवान आदिलाबादच्या जंगलातून बैलगाड्यांनी आलं. येताना दोन गाडीवान तापानं गेले, पण आप्पांच्या घरी त्या तुळयांना ठेवलेली नावं पाठ होती, गाडीवानांची नव्हती. मीही तेव्हा विचारली नाहीत.

वर जायचा जिना भिंतीच्या आतून होता. एका वेळी एकच माणूस चढेल एवढा अरुंद, पायरी गुडघ्याएवढी उंच, आणि मध्ये एक वळण जिथे भर दुपारीसुद्धा चाचपडावं लागे. आप्पा हा जिना फार अभिमानानं दाखवायचे. दरोडेखोर आले तर एकेकटे वर येतील आणि वरचा माणूस एकेकाला बघून घेईल, अशी ती योजना होती. दरोडेखोर काही कधी आले नाहीत. त्या जिन्यानं रोज चढत-उतरत होत्या त्या आक्का, म्हणजे आप्पांच्या पत्नी. माहेर सिरसाळ्याचं, बांधा ठेंगणा, आवाज कधी वर नाही. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी सोप्यातला आड आटला. तेव्हापासून दरवाजापुढे टँकर यायचा आणि आक्का तिथून घागर भरून माडीवर न्यायच्या. अहवालात मी जिन्याला अर्धं पान दिलं.

आता खरेदीखत. त्यात आप्पांनी तीन कलमं घालून घेतली होती आणि ती मला अजून पाठ आहेत. पहिलं, वास्तू उभी असेपर्यंत वरची माडी आप्पा आणि आक्का यांच्याकडे राहील. खालचे खण द्यायला संस्था तयार होती, पण आप्पा म्हणाले होते, “ऱ्हायलो तर संस्थेच्या डोक्यावर ऱ्हाईन, पायाखाली न्हाई.” दुसरं, वास्तू पडली किंवा मोडली गेली तर त्यांचा हक्क संपेल आणि संस्था त्यांना मागच्या मोकळ्या जागेत दोन खोल्या देईल. त्या खोल्या संस्थेनं बांधूनही ठेवल्या होत्या. सिमेंटच्या भिंती, वर पत्रे, दारासमोर पाण्याचा हौद. आम्ही तिथे रिकामी पोती ठेवायचो. आप्पा त्या बाजूला फिरकत नसत. आक्का एकदा माझ्याकडून किल्ली घेऊन खोल्या बघून आल्या आणि येताना झाडूनही आल्या. मला वाटलं, बाईंना स्वच्छतेची आवड आहे.

तिसरं कलम मातीचं. आमच्याकडच्या जुन्या घरांना माळवद असतं, सपाट छत. तुळया, त्यावर फळ्या, त्यावर तुराट्या आणि कडुलिंबाचा पाला, आणि सगळ्यांवर हात-दीड हात पांढरी माती. ही माती गावाबाहेरच्या जुन्या टेकाडावरून आणायची. ती पाणी आत येऊ देत नाही. दरवर्षी पावसानं थोडी धुऊन जाते, म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी थोडी नवी टाकायची. आप्पांच्या घरी याचं माप एकशे एक पाट्यांचं, म्हणजे टोपल्यांचं, होतं. संस्थेवर त्यांचा भरवसा नव्हता. “समद्यांचं म्हंजी कुनाचंच न्हाई,” असं ते म्हणायचे. म्हणून त्यांनी खतातच लिहून घेतलं, की दर साल मृगापूर्वी एकशे एक पाट्या पांढरी माती माळवदावर टाकली जाईल आणि त्या पाट्या घरच्या लक्ष्मीनं मोजायच्या.

मोजायची रीत अशी. आदल्या दिवशी आप्पा स्वतः एकशे एक चिंचोके मोजून एका वाटीत ठेवत. जिन्याच्या वरच्या तोंडाशी आक्का पाट टाकून बसत. मातीची पाटी घेऊन बाई वर आली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. बाई पुढे जाऊन शिडीनं माळवदावर चढे. वाटी रिकामी झाली की काम संपलं. मग आप्पा दुसऱ्या वाटीतले चिंचोके पुन्हा मोजत आणि ते बरोबर एकशे एक भरत.

आमच्या संस्थेनं कुठला शब्द पाळला असेल-नसेल, हा मात्र अक्षरशः पाळला. त्याचं कारण चेअरमनसाहेब. माणूस वाईट नव्हता. सरकारी दुष्काळी कामं, म्हणजे खडी फोडायची, लांब होती आणि तिथे म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बायकांना कोणी घेत नव्हतं. अशा बायका सकाळी संस्थेच्या दारात येऊन बसायच्या, काही न बोलता. साहेबांना त्यांच्यासमोरून आत येणं जड जायचं. माती टाकायचं काम निघालं की वीसेक बायकांच्या हाताला काम मिळे. त्यामुळे पाऊस असो-नसो, दर उन्हाळ्यात साहेब मला हाक मारायचे आणि म्हणायचे, “ताई, मातीचा ठराव घ्या.” मी घ्यायचे. मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवून फक्त साल बदलायचं होतं. एकशे एक पाट्यांना वीस बायका म्हटल्यावर अर्धा-पाऊण दिवस पुरे. पण आमच्याकडे ते काम दीड-दोन दिवस चालायचं. उपाशी माणसं हळू चालतात, असं मी धरून चालले होते.

तिसऱ्या वर्षीचा ठराव घेऊन, माती टाकून महिना झाला असेल. इतिहासासाठी माडी मोजायची राहिली होती म्हणून मी वर गेले. टेपचं दुसरं टोक धरायला आक्कांना बोलावलं. मोजताना माडीचं दार मध्ये आलं म्हणून ते लोटायला गेले तर ते लागेना. वरून घासत होतं.

“का लागत नाही हे?” मी विचारलं.

“सालभर झालं,” आक्का म्हणाल्या. “आधी घासायचं. आता लागतच न्हाई.”

मी वर बघितलं. दारावरून जाणाऱ्या तुळईनं पोट काढलं होतं. मला बांधकामातलं काही कळत नव्हतं, पण पोट कळत होतं.

मी मिस्त्रींना बोलावलं. म्हातारे मिस्त्री, पेठेतल्या निम्म्या माळवदांवर त्यांचा हात फिरलेला. ते शिडीनं वर गेले, एक सळई मातीत खुपसली, बाहेर काढून बोटांनी मापली, आणि खाली येऊन पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाले, “ताई, पाऊस न्हाई तर माती धुतली न्हाई. धुतली न्हाई तर तुमी टाकली कावून? तीन सालची माती तुळईच्या डोक्यावर हाय. आन तीन सालची बी इतकी नसती. लई ज्यादा हाय.”

मी त्यांना ठराव दाखवला. मिस्त्रींना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी कागद हातात घेऊन मान डोलावली. दुष्काळात घर पावसानं पडत नाही, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ठरावानं पडू शकतं, हे संस्थेत कोणाच्या मनात आलं नव्हतं.

“कधी पडंल?” आक्कांनी विचारलं. त्या दारात उभ्या होत्या.

“सागवान सांगून पडतं, आक्का,” मिस्त्री म्हणाले. “आजच न्हाई. माती उतरवली तर पन्नास साल काय हुत न्हाई. न्हाई उतरवली तर दोन साल, तीन साल. करकर कराया लागलं की खाली यायचं.”

“दोन का तीन?”

“आता ते मी कसं सांगू?”

मी आक्कांच्या खांद्यावर हात ठेवला. “काळजी करू नका, आम्ही घर पडू देणार नाही,” असं म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या चहा ठेवायला गेल्या.

मला वाटलं होतं, आप्पा लगेच हो म्हणतील. माती खाली घ्यायची, विषय मिटला. आप्पा ऐकत राहिले आणि म्हणाले, “न्हाई.”

कारण असं. माळवदावर माती चढते ती घर टिकावं म्हणून, आणि उतरते ती घर मोडतानाच. आमच्या भागात कुणाच्या माळवदाची माती खाली यायला लागली की त्या घराचे दिवस भरले, असंच लोक समजतात. आधी माती, मग फळ्या, मग तुळया. आप्पा म्हणाले, “माती उतरली म्हंजी घर मोडाया काढलं. उद्या तुमचा वकील म्हनंल, मोडलं की, बगा कलम दोन. मग मी कुटं जायचं? पोत्यात?”

“पण नाही उतरवली तर पडेल ना, आप्पा.”

“पडंल तवा पडंल. मी माज्या हातानं मोडायचा न्हाई.”

चेअरमनसाहेबांनी केजला जाऊन खरंच वकिलाला विचारलं. वकील आप्पांच्याच मताचा निघाला. माती उतरवणं हा वास्तू मोडण्याचा आरंभ आहे, असं म्हणायला जागा आहे, म्हणाला. साहेब परत आले ते तोंड पाडून. मला म्हणाले, “मला हितं गाळे काढायचेत, न्हाई कशाला म्हनू? पर आप्पाला घराभाईर काढलं असं माजं नाव निघाया नको. आपसूक पडलं तर गोष्ट येगळी.” असं आमचं सगळ्यांचं एकमत झालं की काहीही करायचं नाही. सहकारात एकमत इतक्या सहज फार क्वचित होतं.

मला ते सहन होईना. एक तर आप्पांबद्दल मला माया वाटायला लागली होती. ते कडू बोलायचे, पण संध्याकाळी सज्जात बसून रस्त्याकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ते बघवत नव्हतं. दुसरं म्हणजे मी इतिहास लिहीत होते आणि अहवाल छापून येईपर्यंत घर राहावं, अशी माझी साधी इच्छा होती. दोन दिवस मी विचार केला. मग मशीनवर कागद चढवला आणि ठराव टाइप केला. ‘माळवदावरील जुनी माती बदलून तेथे नवी माती टाकण्यात यावी.’ उतरवणं हा शब्दच नाही. बदलणं. कपडे बदलताना माणूस मोडत नाही, तसं.

वकिलानं तो कागद दोनदा वाचला आणि यात काही काढता येणार नाही असं सांगितलं. साहेब खूष, कारण पाट्या वर नेण्याऐवजी खाली आणल्या तरी बायकांच्या हाताला काम तेच. आप्पांनी एक रात्र घेतली आणि सकाळी एक अट घातली. माळवद कधीच उघडं दिसता कामा नये. आधी एक पाटी नवी माती वर जाईल, मग दहा पाट्या जुनी खाली येईल, पुन्हा एक नवी, मग दहा. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला, पण कामाला लागले. नवी माती एका कोपऱ्यात नुसती रचून ठेवायची आणि नंतर टाकायच्या एकशे एक नव्या पाट्यांत धरायची, असं ठरलं. मोजदादीचा घोळ नको म्हणून या वेळी ठरावात मी स्वतःचं नाव घातलं. ‘पाट्यांची मोजणी कारकून स्वतः करील.’ आक्कांना आप्पांनी सांगितलं, या खेपेला तुला बसायला नको. त्या बरं म्हणाल्या.

चौकात टेबल टाकून मी पाच दिवस बसले. बायका पाटी घेऊन जिन्यातून खाली यायच्या, मी रेघ मारायचे. गावाला मात्र बदलणं आणि उतरवणं यातला फरक समजावून सांगणं जमलं नाही. दुसऱ्या दिवशी केजचा एक लाकूडवाला आला आणि बोटांच्या सांध्यांनी खांब ठोकून बघायला लागला. तळवड्याहून एकजण आला, त्याला नव्या घरासाठी रस्त्याचा दरवाजा हवा होता. मोडत नाही म्हटल्यावर त्यानं डोळा मिचकावला आणि म्हणाला, “मोडाल तवा मला सांगा, मी पयला.” तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी आली, सुतकात पाठवतात तशी. आप्पांनी ती बघून तोंड फिरवलं. आक्कांनी ठेवून घेतली. पेठेतल्या बायका त्यांना विचारायच्या, “कदी जाताव मग खाली?” आणि त्या म्हणायच्या, “बगू.”

आप्पा त्या पाच दिवसांत ढाळजेवरून उठले नाहीत. लाकूडवाला खांब ठोकत होता तेव्हा त्यांची बोटं सारखी सदऱ्याच्या गुंडीशी चाललेली मी पाहिली. मला वाटलं, आपण याच माणसासाठी हे सगळं करतो आहोत, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी धुळीवर ढकललं.

पाचव्या दिवशी मिस्त्रींना खालचा जुना थर लागला. तो काळपट आणि घट्ट असतो, त्याला हात लावायचा नसतो. माझ्या रेघा सहाशेच्या वर गेल्या होत्या. तीन वर्षांच्या मिळून तीनशे तीन व्हायला हव्या होत्या. मी पुन्हा मोजल्या, तेवढ्याच आल्या. मग मी ठरवलं, की भरतानाच्या पाट्या मोठ्या असतील.

तुळई काही पुरती सरळ झाली नाही, पण तिचं पोट आत गेलं. मिस्त्रींनी दार थोडं तासलं आणि ते लागलं. आप्पांनी ते तीनदा लावून उघडून पाहिलं. मला म्हणाले, “शिकलेली मानसं कामाची असतात कदी कदी.” त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. मी हवेत होते. दुपारी टँकर येऊन गेला, बायका पांगल्या, आणि आक्का घागर भरून दिंडीतून वाकून आत आल्या. ही बातमी त्यांना आपणच सांगावी असं मला वाटलं.

“आक्का, दार लागलं बघा.”

“लागलं की.”

“मिस्त्री म्हणाले, आता पन्नास वर्षं घराला काही होत नाही.”

आक्कांनी घागर चौकात ठेवली. “पन्नास,” त्या म्हणाल्या, आणि ढाळजेच्या कट्ट्यावर बसल्या. बसताना त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले होते. मग त्यांनी विचारलं, “तुमी पाट्या किती मोजल्या?”

“सहाशेच्या वर. पाट्या मोठ्या असणार.”

“पाट्या त्याच व्हत्या,” आक्का म्हणाल्या. “मी दोन पाट्यांला एक चिंचोका टाकीत व्हते.”

त्यांच्या आवाजात काही फरक नव्हता, पीठ किती लागलं हे सांगावं तसं सांगत होत्या.

“पयल्या साली एक बाई वर आली आन म्हनली, आक्का, आज काम सरलं तर उद्या आमी काय करायचं. मग मी एक चिंचोका तसाच ठिवला. मग आनीक एक. बायांच्या ध्यानात आलं, पर कुनी बोललं न्हाई. दुसऱ्या सालाला बी तसंच केलं. आन मग दार घासाया लागलं. तवा मला कळालं काय हुतंय ते.” त्यांनी गुडघा चोळला. “तिसऱ्या सालचे चिंचोके बायांसाठी न्हाई ठिवले, ताई. माज्यासाठी ठिवले.”

“अहो, पण तुम्ही दोघं त्याच तुळईखाली झोपत होता.”

“झोपत व्हतो की. करकर झाली असती तर उठलो असतो. मिस्त्री आता सांगतो, माजे सासरे मला कवाच सांगून गेल्ते, सागवान सांगून पडतं म्हनून.” त्यांनी मागच्या अंगणाच्या दिशेनं बघितलं. “ह्यांला त्या खोल्यांची लाज वाटती. तितं पोती ठिवत्यात म्हनून. मला पोत्याची कशाची लाज? हौद दाराम्होरं हाय तितं. मी मोजून आल्ते, सात पावलं.”

मला आधी राग आला. पाच दिवस उन्हात बसून मी रेघा मारल्या होत्या, ठराव शोधून काढला होता, वकिलाला गप्प केलं होतं, आणि या बाईनं सगळं करून मला टेपचं टोक धरून दिलं होतं. राग फार वेळ टिकला नाही. त्या घराबद्दल मी चार पानं लिहिली होती, बळदं, बेलफळं, आदिलाबादचं सागवान. सगळं आप्पांना विचारून. आक्कांना मी इतक्या दिवसांत जे विचारलं होतं ते एवढंच, की जरा हे टोक धरता का. मला लाज वाटली. अजून वाटते.

“हे लिव्हनार का तुमी?” आक्कांनी विचारलं.

“नाही.”

“ह्यांला सांगनार?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली. वरून आप्पांच्या खोकल्याचा आवाज आला, आणि दार लावल्याचा, आणि परत उघडल्याचा. आक्का ते ऐकत होत्या. आप्पा त्यांना नकोसे होते असं नाही. संध्याकाळी सज्जात त्या त्यांच्याशेजारी बसायच्या, न बोलता, आणि आप्पांचं पान त्याच लावायच्या.

“एकशे एकातली उरलेली नवी टाकायची ऱ्हायली की,” त्या म्हणाल्या. “कवा?”

“सोमवारी.”

“मोजायला तुमीच?”

ठरावात माझं नाव होतं, साहेबांची सही होती, खाली संस्थेचा शिक्का होता. मी टेबलावरचा तो कागद घेतला, घडी घातली आणि टेबलाच्या खणात टाकला.

“मला अहवालाचं काम आहे,” मी म्हणाले. “तुम्हीच बसा.”

आक्कांनी घागर कमरेवर घेतली आणि भिंतीत हात टेकून जिना चढायला लागल्या.